युद्धकाळांत शेत कोणीं राखिलें?

विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत (१९३९ ते १९४५) ज्यांचें बालपण जर्मनींतील खेड्यांत गेलें, त्यांच्या आठवणींत एक विसंगति वारंवार आढळते. शहरांवर बाँब पडत होते. परंतु त्यांच्या स्मृतींत गवताच्या गंजी, दुभत्या गाई व बटाट्यांची काढणी हींच ठळक राहिलीं. हें खोटें नव्हे. मात्र हें सुख कोणाच्या श्रमावर उभें होतें, हा प्रश्न बालकाच्या मनांत येत नाहीं. अभ्यासकानें तो विचारलाच पाहिजे.

त्याचें पहिलें उत्तर म्हणजे आई. घरचे पुरुष रणांगणावर गेले, लष्करानें पुष्कळ घोडेही नेले, आणि नांगर, गोठा, घर व मुलें यांचा सारा भार शेतकरी स्त्रीवर पडला. ऑगस्ट १९३९ च्या अखेरीसच अन्नाचें नियंत्रण सुरू झालें होतें. पिकविलेल्या धान्याचा व दुधाचा ठरलेला भाग तिला सरकारास द्यावा लागे. १९४० पासून बाँबहल्ल्यांच्या भयानें शहरांतील मुलें खेड्यांत धाडण्यांत येऊं लागलीं. पुढें बेघर झालेल्या मातांनाही तिच्याच घरांत जागा करून द्यावी लागली.

दुसरें उत्तर अधिक अवघड आहे. ऑगस्ट १९४४ मध्यें जर्मनींत सुमारे ७६ लक्ष परदेशी मजूर व युद्धकैदी राबत होते. त्यांतील बहुतेकांना सक्तीनें आणलेलें होतें, आणि शेतांवर पोलंड व सोव्हिएट प्रदेशांतील तरुण मुलीही होत्या. मार्च १९४० च्या हुकुमांनीं पोलिश मजुरांना छातीवर 'पी' अक्षराचा बिल्ला लावणें भाग पाडलें, आणि जर्मन कुटुंबाच्या मेजावर त्यांनीं जेवूं नये असें ठरविलें. कांहीं घरधनिणींनीं हा नियम मोडून त्यांना आपल्या पंक्तीस बसविलें. कांहींनीं त्यांना गुरांप्रमाणें राबविलें. युद्धाच्या ओझ्याखालीं वांकलेली तीच स्त्री दुसऱ्या आईच्या मुलीवर सत्ताही चालवीत होती. या दोन गोष्टींपैकीं एकच सांगितली, तर इतिहास अर्धाच सांगितला असें होईल.

म्हणून मित्रहो, घरीं आजीच्या आठवणी लिहून घ्याल, तेव्हां "सुगी कशी होती?" एवढेंच विचारून थांबूं नका. "कामाला कोण येत असे, आणि तें माणूस कोठें बसून जेवीत असे?" हेंही अवश्य विचारा.