हेलिकॉप्टर जमिनीवरच का मोडले?

गोराईच्या खाडीत लहान होडीत बसून कोणी अंग डावी-उजवीकडे झुलवू लागले, की होडीवाला लगेच दटावतो. एरवी त्या झुलण्याने होडी थोडीशीच हलते. पण ते होडीच्या स्वतःच्या डोलण्याच्या लयीशी जुळले, तर तेवढ्याच जोराने ती कलंडू शकते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. एका हेलिकॉप्टरच्या मार्गात ते कसे आडवे आले, ते पाहू.

ब्रिटनमधील सिएर्व्हा कंपनीचे 'स्कीटर' हे दोन आसनांचे हलके हेलिकॉप्टर ८ ऑक्टोबर १९४८ रोजी प्रथम उडाले. स्कीटर म्हणजे डास! इंजिन अपुरे पडल्याने अधिक शक्तीचा दुसरा नमुना तयार झाला. १९५० मध्ये तो जमिनीवर असतानाच हादरू लागला आणि मोडून पडला.

याचे कारण पात्यांच्या जोडणीत आहे. स्कीटरला तीन पाती होती. मुळाशी ताण येऊ नये म्हणून पाती बिजागरीवर बसवतात. त्यामुळे ती फिरता फिरता किंचित मागेपुढे होऊ शकतात. तिन्हींमधील अंतर सारखे असेल, तर त्यांचा गुरुत्वमध्य बरोबर आसावर राहतो. जमिनीचा एखादा धक्का बसून एक पाते मागे पडले, की गुरुत्वमध्य आसाबाहेर जातो व सांगाडा हिसकला जातो.

समजा, पाती सेकंदाला ५ फेरे घेतात आणि बिजागरीवर १.५ वेळा मागेपुढे होतात. तर सांगाड्याला या दोहोंच्या फरकाइतके, म्हणजे सेकंदाला ३.५ हिसके बसतात. चाकांवर उभा सांगाडाही सेकंदाला ३.५ वेळाच डोलणारा असेल, तर धोका! डोलण्याने पाती अधिक सरकतात आणि पाती सरकल्याने डोलणे वाढते. ही ऊर्जा फिरत्या पात्यांतून येते, म्हणून काही सेकंदांतच यंत्र मोडते. पात्यांना पुरेसा वेग असेल, तर वैमानिकाने ताबडतोब वर उडावे. जमीन सुटली की सांगाड्याची ती लयही सुटते.

कायमचा उपाय म्हणजे दमनक. मोटारसायकलच्या शॉक ॲब्झॉर्बरप्रमाणे तो हालचालीची ऊर्जा उष्णतेत घालवतो. तो बिजागरीशीही हवा आणि चाकांच्या पायांतही हवा. १९५१ मध्ये सॉन्डर्स-रो कंपनीने स्कीटरचे काम हाती घेतले. पुढे दोष दूर होऊन ते ब्रिटिश सैन्यात टेहळणीसाठी दाखल झाले. त्याच्या अनुभवातूनच १९५८ चे पी-५३१ आणि नंतर 'स्काउट' व 'वास्प' ही हेलिकॉप्टरे घडली. आपल्या नौदलाच्या तीन पात्यांच्या 'चेतक'मध्येही असे दमनक असतात.

करून पाहा : सायकल स्टँडवर लावा. मागच्या चाकाच्या आऱ्यांना एक बोल्ट घट्ट बांधा. पेडल जोरात फिरवून सोडून द्या. बोटे आऱ्यांपासून दूर ठेवा. वेग उतरताना सायकल कोणत्या वेगाला सर्वांत जास्त थरथरते? स्टँडखाली जाड रबर ठेवल्यावर काय बदलते? आणि ही थरथर स्कीटरसारखी आपोआप वाढत का जात नाही? वर्गात चर्चा करा.