बंब दारीं आला. किल्ली कोठें आहे?

आग आणि पाणी यांचें वैर सर्वांस ठाऊक आहे. परंतु आग आणि कुलूप यांचें जें सख्य आहे, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. शाळेच्या आवारांत वर्गांची इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, कचेरी, वसतिगृह अशा पांचसहा वास्तु असतात. सायंकाळीं शिपाई एकेक दार लावीत जातो व किल्ल्यांचा जुडगा खुंटीस अडकवून, अथवा बरोबर घेऊन, घरीं जातो. चोरांपासून मालमत्तेचें रक्षण व्हावें म्हणून हें योग्यच आहे. पण त्याच रात्रीं प्रयोगशाळेंतून धूर निघूं लागला व बंब फाटकाशीं येऊन ठेपला, तर तीं कुलपें चोराला जशीं अडवितात तशींच अग्निशामक दलाच्या जवानांसही अडवितात. कुलपाला माणूस ओळखतां येत नाहीं. ह्या अडचणीवर निरनिराळ्या देशांत कोणते उपाय योजले गेले व त्यांत कोणते दोष निघाले, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं समजून घेण्यासारखें आहे.

“दार तोडून आंत जावें, त्यांत काय मोठेंसें?” असें कोणी म्हणेल. जवान दार तोडूं शकतात, आणि आंत माणूस अडकला असेल तर ते तोडतातच. त्यासाठीं कुऱ्हाडी, पहारी व करवती बंबावर असतात. पण जाड दार व त्यामागें लोखंडी जाळीचें दुसरें दार अशी जोडी असली म्हणजे कांहीं मिनिटें खर्चीं पडतात, आणि आगीच्या हिशेबांत मिनिट ही फार मोठी रक्कम आहे. अमेरिकेंतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज ह्या संस्थेनें २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध केलेले प्रयोग ह्या बाबतींत डोळे उघडणारे आहेत. कांहीं खोल्यांत जुन्या पद्धतीचें, म्हणजे लांकूड व कापूस यांचें सामान मांडलें. कांहींत आजकालचें फोमचें व कृत्रिम धाग्यांचें. नव्या सामानाच्या खोल्या ५ मिनिटांच्या आंत एकदम सर्व बाजूंनीं पेटून उठल्या. जुन्या सामानाच्या खोलीस तितकें होण्यास २९ मिनिटांहून अधिक वेळ लागला. आजोबांची शिसवी खुर्ची अडगळींत टाकून आणलेली गुबगुबीत बैठक आपला किती वेळ हिरावून घेते, हें यावरून दिसेल.

दुसरीही एक गोष्ट आहे. आगीची सूचना देणारीं यंत्रें धुळीनें किंवा वाफेनेंही वाजूं लागतात, आणि अशा खोट्या सूचना पुष्कळ असतात. प्रत्येक वेळीं दार फोडलें तर दुरुस्तीचा खर्च होतो तो वेगळाच, पण सकाळपर्यंत इमारत उघडी पडते. किल्ली हातीं असली तर आंत जाऊन पाहून दार पुन्हां लावून जातां येतें.

किल्ली कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न मात्र जुना आहे. १८५२ सालीं बोस्टन शहरांत तारायंत्राच्या साह्यानें आगीची वर्दी देणाऱ्या पेट्या प्रथम बसविण्यांत आल्या व मग त्या इतर शहरांतही पसरल्या. टवाळ लोकांनीं खोटी वर्दी देऊं नये म्हणून ह्या पेट्यांस कुलूप असे, व किल्ली पोलिसांकडे आणि शेजारच्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाकडे ठेवीत. १८७१ च्या ८ ऑक्टोबरला, रविवारीं रात्रीं, शिकागो येथें एका गोठ्यांत आग लागली. विल्यम ली नांवाचा एक शेजारी जवळच्या औषधांच्या दुकानाकडे धांवला, कारण पेटी तेथें होती. पुढें चौकशींत त्यानें सांगितलें कीं, बंब आधींच गेला आहे असें म्हणून दुकानदारानें किल्ली दिली नाहीं. दुकानदाराचें म्हणणें असें कीं, आपण स्वतःच वर्दी दिली होती. खरें कोणाचें, हा वाद आज मिटणें शक्य नाहीं. परंतु त्या पेटीवरून गेलेली कोणतीही वर्दी मुख्य ठाण्यावर नोंदली गेली नाहीं, इतकें निश्चित. भरींत भर म्हणून मनोऱ्यावरील पहारेकऱ्याचाही आगीच्या जागेविषयीं अंदाज चुकला. कोरडी हवा, जोराचा वारा आणि लांकडी घरें. त्या आगींत सुमारें ३०० माणसें मेलीं व सुमारें १,००,००० लोक निराश्रित झाले. एका किल्लीनें शहर वांचलें असतें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि संकटकाळची किल्ली एका खाजगी माणसाच्या मर्जीवर व आठवणीवर सोंपविणें किती धोक्याचें आहे, हें त्यावरून लोकांस दिसून आलें, आणि पुढें किल्लीवांचून उघडणाऱ्या पेट्या प्रचारांत आल्या.

येथें एक भेद विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. बाहेरून आंत येण्यास किल्ली लागावी, हें समजण्यासारखें आहे. आंतून बाहेर पडण्यास किल्ली लागणें हें केव्हांही समर्थनीय नाहीं. १९११ च्या २५ मार्चला न्यूयॉर्क येथील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यास आग लागली, तेव्हां नवव्या मजल्यावरील एका जिन्याचें दार कुलूपबंद होतें, अशी साक्ष वांचलेल्यांनीं दिली. १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. त्याच्या आधीं, १९०३ सालीं, शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहांत ६०० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखीं पडले, तेथेंही पुष्कळ दारें प्रेक्षकांस उघडतां आलीं नाहींत. त्या अपघातानें व्यथित झालेल्या कार्ल प्रिन्झलर ह्या व्यापाऱ्यानें हेन्री ड्युपॉन्ट ह्या वास्तुशिल्पज्ञाच्या साह्यानें दाराला आडवा दांडा बसविण्याची युक्ति काढली. अंगाचा भार पडतांच दार बाहेर उघडतें, पण बाहेरून तें बंदच राहतें. चित्रपटगृहांतून हा दांडा आपण पाहिलाच असेल.

आतां बाहेरून प्रवेशाचा प्रश्न. अमेरिकेंत १९७५ सालीं स्थापन झालेल्या नॉक्स कंपनीनें ज्या पेट्या विकल्या, त्या आज तेथील असंख्य शाळा-महाविद्यालयांच्या दारांशेजारीं भिंतींत बसविलेल्या दिसतात. पेटी जाड पोलादाची, हाताच्या पंजाएवढी. तींत त्या इमारतीच्या किल्ल्या असतात. पेटीचें कुलूप मात्र एकट्या अग्निशामक दलाच्या किल्लीनें उघडतें. एकदां बंद झाल्यावर इमारतीच्या मालकासही तें उघडतां येत नाहीं. एका गांवांतील सर्व पेट्यांना एकच किल्ली चालते, त्यामुळें बंबावर शंभर किल्ल्यांचा जुडगा बाळगावा लागत नाहीं. तिकडे पुष्कळ ठिकाणीं लागू असलेल्या इंटरनॅशनल फायर कोडमध्यें असा नियम आहे कीं, इमारतीचें कुलूप बदललें तर मालकानें लगेच अधिकाऱ्यास कळवून नवी किल्ली पेटींत ठेववावी. माझ्या मतें साऱ्या योजनेचें मर्म ह्या एका नियमांत आहे. जुन्या कुलपाची किल्ली ज्या पेटींत पडून आहे ती पेटी नसलेली बरी, कारण ती जवानांचीं दोन मिनिटें फुकट घालविते.

एक किल्ली अनेक कुलपांस कशी लागते, हें कोडें उलगडण्यास कठीण नाहीं. १८६१ सालीं लायनस येल (धाकटे) यांनीं ज्या कुलपाचें पेटंट घेतलें, त्यांत एक फिरता गाभा असतो व त्यावर स्प्रिंगनें दाबलेल्या लहान खुंट्यांची ओळ असते. प्रत्येक खुंटी दोन तुकड्यांची असते. योग्य किल्ली आंत गेली म्हणजे तिच्या दांत्यांमुळें सर्व खुंट्यांचे सांधे गाभ्याच्या कडेशीं एका रेषेंत येतात व गाभा फिरतो. आतां प्रत्येक खुंटीचे दोहोंऐवजीं तीन तुकडे केले, तर सांधे दोन होतात; एक नेहमींच्या किल्लीसाठीं, दुसरा मास्टर-किल्लीसाठीं. पण विद्यार्थ्यांनो, येथें थोडें गणित करा. खुंट्या ५ व प्रत्येकीस सांधे २, म्हणजे २×२×२×२×२ = ३२ निरनिराळ्या किल्ल्यांनीं तें कुलूप उघडेल! सोय जितकी वाढली तितकी सुरक्षितता घटली. २००३ सालीं मॅट ब्लेझ ह्या अमेरिकन संशोधकानें दाखवून दिलें कीं, अशा कुलपाची एक साधी किल्ली, तें कुलूप व थोड्या कोऱ्या किल्ल्या हातीं असल्या, तर एकेक खुंटी तपासून मास्टर-किल्ली शोधून काढतां येते.

म्हणून ती मुख्य किल्ली कोण कशी राखतो, यावर सारें अवलंबून आहे. २०१२ सालीं न्यूयॉर्क शहरांतील लिफ्ट इत्यादींच्या अशाच सार्वजनिक किल्ल्यांचा संच इंटरनेटवर विकत मिळाल्याची बातमी झळकली, तेव्हां तेथें मोठा गवगवा झाला. आतां कित्येक बंबांवर ही किल्ली एका यंत्रांत जखडलेली असते. जवानानें सांकेतिक अंक दाबला म्हणजे ती सुटते व ती कोणीं केव्हां काढली याची नोंद आपोआप राहते. जर्मनींतील व्यवस्था मला अधिक चतुराईची वाटते. तेथील पेटीस दोन दारें असतात. बाहेरचें दार आगीची यंत्रसूचना झाल्यावरच विजेनें सुटतें. आंतलें दार अग्निशामक दलाच्या किल्लीनें उघडतें. त्यामुळें किल्ली चोराच्या हातीं पडली तरी आगीवांचून तिचा उपयोग नाहीं. रात्रीं पेटी चटकन् सांपडावी म्हणून जवळ एक लखलखणारा दिवाही लावलेला असतो.

नुसतें दार उघडून भागत नाहीं, हेंही अनुभवानें कळून आलें आहे. इंग्लंडमध्यें २०२२ च्या नियमांन्वयें १८ मीटर किंवा ७ मजले यांहून कमी नसलेल्या निवासी इमारतींत एक सुरक्षित पेटी ठेवावी लागते व तींत मजल्यांचे नकाशे आणि जबाबदार व्यक्तीचा पत्ता असावा लागतो. शाळेच्या बाबतींत त्या नकाशावर गॅसची मुख्य तोटी, विजेचा मुख्य खटका आणि रसायनांची खोली हीं तीन ठिकाणें तरी दाखविलींच पाहिजेत. सोडियमच्या बाटल्या ठेवलेल्या कपाटावर पाण्याचा झोत सोडणें म्हणजे काय, हें इयत्ता दहावींतला मुलगाही सांगेल.

आपल्या महाराष्ट्रांत आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम २००६ चा आहे. तो ज्या इमारतींस लागू आहे, तेथील यंत्रणा चालू स्थितींत असल्याचें प्रमाणपत्र मालकानें वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, सादर करावयाचें असतें. पण किल्ली कोठें ठेवावी, ही गोष्ट ज्याच्या त्याच्या विवेकावर अवलंबून आहे. पोलादी पेटी नसली तरी साध्या उपायांनीं पुष्कळ साधतें. किल्ल्यांचा दुसरा संच फाटकावरील पहारेकऱ्याच्या चौकींत असावा. प्रत्येक किल्लीस धातूचा बिल्ला व त्यावर दारावरचाच क्रमांक असावा. कुलूप बदललें त्याच दिवशीं संचांतली किल्लीही बदलावी. वर्षांतून एकदां अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यांस दिवसाउजेडीं आवारांत बोलावून बंब कोठपर्यंत येतो हें पाहावें. फाटकाच्या कमानींतून बंब जात नाहीं, हा शोध रात्रीं दोन वाजतां लागूं नये. पालकहो, मुलांस न्यावयास येतांना फाटकाच्या तोंडाशीं आपण मोटारसायकली लावतां, त्यांचाही ह्या पाहणींत विचार व्हावा.

वसतिगृहाविषयीं मात्र मी स्पष्ट लिहितों. मुलें रात्रीं बाहेर जातात म्हणून जाळीच्या दारास बाहेरून कुलूप लावून अधीक्षकांनीं किल्ली उशाशीं ठेवणें, ही शिस्त नव्हे. मुलांस आवरण्यास पहारेकरी ठेवावा, त्याला पगार द्यावा. दार आंतून हातानें उघडतां आलेंच पाहिजे. खिडक्यांच्या गजांतही प्रत्येक दालनांत एक तरी झांप उघडणारी असावी.

आग लागल्यास १०१ अथवा ११२ ह्या क्रमांकावर वर्दी द्यावी, इमारतीचें नांव व जवळची खूण सांगावी, आणि जाणत्या माणसानें किल्ल्या, नकाशा व त्या रात्रीं वसतिगृहांत असलेल्या मुलांची हजेरी घेऊन फाटकाशीं उभें राहावें. बंब येतांच जवान पहिला प्रश्न हाच विचारतात कीं, आंत कोणी आहे काय?