लेकीसाठी खणाचा परकर-पोलका

प्रश्न : गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी पाच वर्षांच्या मुलीला परकर-पोलका घरीच शिवायचा आहे. पुढच्या वर्षीही बसावा, यासाठी काय करू?
– एक आई, लालबाग

उत्तर : ताई, जरूर शिवा. कापड दादरच्या हिंदमाता मार्केटमध्ये मिळेल. गुळेदगुड्डचा सुती खण मागा. कृत्रिम धाग्याचा पाडव्याच्या उन्हात पोरीला नकोसा होतो. कापण्याआधी पाण्यातून काढा, रंग आणि आटणं दोन्ही कळेल.

खणाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून कापड आडवं धरा. एक काठ परकराच्या तळाशी येऊ द्या, दुसरा कापून पोलक्याच्या बाह्यांना लावा. घेर कमरेच्या अडीचपट पुरे. तळाशी काठ असल्याने खालून दुमडता येत नाही. जास्तीची लांबी काठाच्या वर, आतल्या बाजूने प्लेट घालून मोठ्या टाक्यांनी धरा. पुढच्या वर्षी उसवली की परकर लांब. नेफ्यापेक्षा मलमलची बिनबाह्यांची बॉडी जोडलेली मला जास्त पसंत: लेझीम खेळताना परकर घसरत नाही. पोलक्याला बगलेपासून खाली इंचभर माया ठेवा आणि आतून मलमलचं अस्तर लावाच, खणाच्या शिवणी काखेत टोचतात.