परराष्ट्राची वाट कुठल्या कॉलेजातून?



बारावीचा निकाल लागला की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘मुलीला इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये करिअर करायचंय, कुठल्या कॉलेजात घालू?’ विचारताना आवाजात अभिमान असतो आणि थोडी धाकधूकही. खर्च झेपेल का, आणि एवढं शिकून नोकरी कुठली? आज या दोन्ही काळज्यांबद्दल मोकळेपणानं बोलू.

आधी नोकरीचं. बहुतेक घरांत या विषयाचा अर्थ एकच लावला जातो : परराष्ट्र सेवा, आयएफएस. स्वप्न चांगलंच आहे, पण दार अरुंद आहे. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेत १०१६ उमेदवारांची निवड झाली, आणि परराष्ट्र सेवेच्या जागा होत्या अवघ्या ३७. म्हणून सगळी मदार तिच्यावर ठेवू नका. मुंबईतली गेटवे हाऊससारखी अभ्याससंस्था, परदेशी वकिलाती, निर्यात करणाऱ्या कंपन्या, वृत्तपत्रांतलं परराष्ट्र वार्तांकन, संयुक्त राष्ट्रं, विद्यापीठं अशा इतरही वाटा आहेत. तिथे ‘मला जगाबद्दल खूप आवड आहे’ एवढ्यावर भागत नाही. एखादा प्रदेश, एखादी भाषा किंवा व्यापार, कायदा, पाणी असा एखादा विषय खोलात ठाऊक असणारं माणूस त्यांना हवं असतं.

आता कॉलेजचं. परराष्ट्र सेवेसाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि हे नुसतं नियमात लिहिलेलं नाही. आजचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी पदवीला रसायनशास्त्र घेतलं होतं. आंतरराष्ट्रीय संबंध ते पुढे दिल्लीच्या जेएनयूत (जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) शिकले. माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले इतिहासाचे एम.ए. निरुपमा राव १९७३ च्या तुकडीत पहिल्या आल्या आणि पुढे परराष्ट्र सचिव झाल्या. त्यांनी इंग्रजी साहित्याचं एम.ए. केलं ते आपल्या मराठवाडा विद्यापीठात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेतून टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंत पोचले. त्यांचं ‘माती, पंख आणि आकाश’ घरात आणा, मुलांआधी तुम्हीच वाचून काढाल.

म्हणून माझं सांगणं असं की, पदवीच्या नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द शोधत बसू नका. तो शब्द एम.ए.ला जोडता येतो. जेएनयूच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजमध्ये एम.ए. करायला पदवीला हाच विषय असावा लागत नाही. पदवीची वर्षं पाया भरण्यासाठी : राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय नीट, आणि सोबत एक परकी भाषा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी कॉलेज सांभाळून शिकता येतात. मुंबई-पुण्यात जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आहेत. भाषेचीच ओढ असेल तर जेएनयूत चिनी, अरबी, रशियन, कोरियन अशा भाषांत बी.ए. होतं, त्याची वाट सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून जाते.

जिंदाल, फ्लेम यांसारख्या खासगी विद्यापीठांचं काय? वर्ग लहान, अभ्यासक्रम ताजा, ओळखी मोठ्या. पण खर्च वर्षाला काही लाखांचा. ऐपत असेल तर जरूर घाला. पण बी.ए.साठीच कर्ज काढावं लागणार असेल तर थोडं थांबा. या क्षेत्रात बी.ए.वर फारसं भागत नाही. संयुक्त राष्ट्रांतल्या व्यावसायिक पदांनाही बहुधा पदव्युत्तर पदवी आणि अनुभव मागतात. बी.ए.लाच कर्जाची ताकद संपली, तर नेमकं एम.ए.च्या वेळी हात आखडता घ्यावा लागतो. परदेशातल्या बी.ए.लाही हाच हिशेब लावा.

जवळचं कॉलेज निवडताना प्रवेशाच्या खिडकीवरून परतू नका. विभागात जा. तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागून घ्या. आंतरराष्ट्रीय राजकारणाचा पेपर कोण शिकवतं, ते कायम प्राध्यापक आहेत की तासिका तत्त्वावर, हे विचारा. वर्षाला निबंध, प्रकल्प किती लिहून घेतात? गौण विषय म्हणून अर्थशास्त्र किंवा भाषा खरोखर मिळते, की नुसती माहितीपत्रकात आहे? एमयूएनच्या (संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीवर भरणाऱ्या विद्यार्थी स्पर्धांच्या) ट्रॉफ्यांपेक्षा या उत्तरांना वजन द्या.

मराठी माध्यमाची भीतीही मनातून काढा. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. मात्र या विषयाचं बरंचसं वाचन इंग्रजीत आहे, तेव्हा रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचायची सवय पहिल्या वर्षापासूनच लागू द्या.

आणि मुलींच्या पालकांशी जरा वेगळं. ‘बदल्या परदेशात, मग लग्नाचं कसं?’ हा प्रश्न एकेकाळी सरकारनंही विचारला होता. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या स्त्री. लग्नाआधी बाईनं सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यावा, असा तेव्हा नियम होता. बढती नाकारली गेल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. सरकारला तो प्रश्न सोडावा लागला. आपण घरात तो कशाला जपून ठेवायचा?

अर्ज भरण्याआधी घरात एक गोष्ट करा. मुलाला किंवा मुलीला विचारा, तांबड्या समुद्रात हुथी बंडखोर जहाजांवर हल्ले करू लागले, तेव्हा नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला त्याची झळ का बसली? येमेन, सुएझ, आफ्रिकेला वळसा, वाढलेलं भाडं, युरोपात उशिरा पोचणारा माल हे सगळं त्यांनी तुम्हाला सोप्या मराठीत समजावून सांगायला हवं. आज जमलं नाही तर रागावू नका. आठवडाभरानं पुन्हा विचारा. तोवर तुम्ही आठवण न करता त्यांनी नकाशा काढून, शोधून, वाचून ठेवलं असेल, तर खुशाल या वाटेनं पाठवा. मग कॉलेज दिल्लीचं मिळालं काय आणि जिल्ह्याच्या गावचं मिळालं काय, फारसं बिघडत नाही.