पाइप लावू नकोस

धाड, ता. जि. बुलढाणा

चि. बाळूस,


टर्बोवाल्या जीपचं मॅनिफोल्ड तडकलंय आणि गिऱ्हाईक "आजच पाहिजे" म्हणून बसलंय, हे कळलं. त्याला उद्याचं सांग. घाईत हेडमधला स्टड तुटला तर गाडी आठवडाभर तुझ्या दारात राहील.

आधी तडा मॅनिफोल्डलाच आहे ना ते बघ. थंड इंजिनाला टिकटिक येते, तापलं की फट मिटून विरते. पॅकिंग गेलं तरी असंच होतं. काजळी जोडावर आहे की अंगावर, हे बॅटरी मारून पाहा. शटर ओढून इंजिन चालवू नकोस, त्या धुराने माणूस आडवा होतो.

रात्रीच नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेव. सकाळी इंजिन गार असताना बॅटरीची वायर काढ, मग वरचा पत्रा, टर्बोचे तेलाचे पाइप आणि सायलेन्सरचा जोड. उघडी तोंडं लगेच चिंधीने बांधून टाक. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, त्यात एक वॉशर गेला की टर्बो भंगारात.

नट टोकांकडून मध्याकडे सोडव, थोडा सैल, थोडा घट्ट, परत सैल. अडला तर पान्याला पाइप लावायचा नाही. (आपल्याकडे पाइप लावण्यालाच ताकद म्हणतात.) नट गॅसने लाल कर, जरा निवला की फिरव. स्टड नटासकट बाहेर आला तर उत्तमच. तुटलाच आणि थोडा वर उरला, तर त्यावर नवा नट वेल्ड करून काढ.

आता खरी गोष्ट. बिडाचं मॅनिफोल्ड उगाच तडकत नाही. मलकापूरहून राजूर घाट चढताना डिझेलचा धूर 600 ते 700 अंशांवर जातो. दीड फुटाचं मॅनिफोल्ड तेवढं तापलं की अडीच-तीन मिलिमीटर वाढतं. म्हणून त्याची भोकं स्टडपेक्षा मोठी असतात. नट मरेस्तोवर आवळले की त्याला सरकायला जागा राहत नाही. शिवाय टर्बोखालचा ब्रॅकेट आहे का बघ. आधीच्या कुणी तो "नडतो" म्हणून काढून ठेवला असेल, तर टर्बोचं सगळं वजन मॅनिफोल्डवर लटकतं. तसं असेल तर नवं बसवलंस तरी तेही जाईल.

वेल्डिंग करायचंच तर तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, तापवून, निकेलच्या रॉडने थोडं थोडं करून घे आणि कोरड्या राखेत सावकाश निवू दे. नंतर तोंड सपाट आहे का ते पट्टी आणि फिलर गेजने तपास. वाकलं असेल तर घासून आण. ते टिकेलच असा शब्द मात्र गिऱ्हाइकाला देऊ नकोस. नव्याचा भावही सांग, ठरवू दे त्याला.

बसवताना पॅकिंग, नट, स्टड नवे घे. मधून टोकांकडे, टॉर्क पान्याने आवळ. इंजिन चालू न करता आधी थोडा स्टार्टर मारून टर्बोत तेल चढव. ब्रॅकेट मिळत नसेल तर कळव, इथे भंगारात शोधतो.

तुझा,
मामा