तिथीची पाऊणपट

बोर्लीतल्या एखाद्या घरात बीए झालेल्या मुलानं ‘मला कोडिंग शिकायचंय’ म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: मग तीन वर्षं आर्ट्स कशाला केलंस? त्यामागोमाग दुसरा: गणित नको म्हणूनच आर्ट्सला गेलास ना? बाबा मुंबईला असोत की अब्बा आखातात, फोनवरचं बोलणं इथेच अडतं. पालकहो, तुमची काळजी खोटी नाही. एकाच्या कमाईवर घर चालतं, पाठची भावंडं शिकायची असतात, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं किती पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. नवी पोफळ धरायला वर्षं लागतात. अशात खर्चाची नवी वाट निघाली की छातीत धस्स होणारच. म्हणून जरा निवांत बोलू या.

कोडिंग म्हणजे काय, ते आपल्याच किनाऱ्यावर पाहू. भरतीची वेळ आपल्याकडची जुनी माणसं घड्याळाआधी पंचांगात बघतात. तिथीची पाऊणपट करायची, की झाला अंदाज. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी भरणार. अष्टमीला सहाला. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच पुढे सरकते, म्हणून हिशोब जमतो. जागेप्रमाणे थोडा मागेपुढे होतो, इतकंच. कॉम्प्युटरला सांगायचं तेही हेच: तिथी विचार, ०.७५ ने गुण, उत्तर दाखव. झाला प्रोग्रॅम. ज्या पिढीनं पाऊणकी पाठ केली, तिला यात परकं काय आहे?

पण गुणाकार करून दाखवणं ही फक्त सुरुवात. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे पडद्यावर कसं दिसावं? पाणी किती चढवायचं, कुठल्या रंगाचं, पर्यटकाला ‘आता आत जाऊ नका’ हे कुठल्या शब्दांत सांगायचं? हे ठरवायला किनारा माहीत असावा लागतो आणि भाषा हाताशी असावी लागते. भूगोल किंवा मराठी घेऊन बीए झालेल्या मुलीकडे ते असतं. तिनं केलेलं असं पान दिवेआगरच्या एखाद्या घरगुती निवासानं पाहुण्यांसाठी लावलं, तर ते खरं काम झालं. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा शके ९८२ चा ताम्रपटही दिवेआगरचाच. त्यातल्या ओळीवर बोट ठेवलं की आजच्या मराठीतला अर्थ उमटेल, असं पान इतिहासाच्या विद्यार्थ्याला का करता येऊ नये? कोड वापरून चित्र, नकाशा, आवाज, खेळ, गोष्ट घडवायची, याला क्रिएटिव्ह कोडिंग म्हणतात.

हे काही कालचं खूळ नाही. वेरा मोलनार ही बुडापेस्टला कला शिकलेली चित्रकार पॅरिसमध्ये १९६८ पासून कॉम्प्युटरवर चित्रं काढत होती. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये ‘प्रोसेसिंग’ ही भाषा सुरू केली, ती चित्रकारांना आणि डिझायनरांना कोडिंग सोपं जावं म्हणूनच. तिचाच धागा पुढे नेत लॉरेन मॅकार्थी यांनी ‘पी-फाइव्ह’ आणलं. ते ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, आणि जुन्या लॅपटॉपवरही सुरुवात होते. त्यासाठी लागणारं गणितही सुरुवातीला दहावीच्या आलेखापुढे जात नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर रोज डोळ्यांसमोर असतं. कचेरीतली मराठी पत्रं ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये कित्येकदा छापलेली दिसतात, त्याची अक्षरं र. कृ. जोशी यांची. जोशी मुळात सुलेखनकार आणि कवी, जे. जे. मध्ये शिकलेले. पुढे ते मुंबईच्या आयआयटीत डिझाइन शिकवत होते. देवनागरी कॉम्प्युटरवर नीट दिसायची, तर वेलांटी कुठवर जाते आणि जोडाक्षर कसं बसतं, हे जाणणारा हात आणि डोळा हवाच होता.

आता तुमचा नवा प्रश्न: कोड तर एआयच लिहितं, मग शिकायचं कशाला? ते लिहितं हे खरं. पण काय करायचं, कुणासाठी, आणि झालेलं बरोबर आहे का, हे माणसालाच बघावं लागतं. अष्टमीला उधाण दाखवणारं पान कोड म्हणून बिनचूक चालेल. चूक पकडेल ती किनाऱ्यावरची मुलगी. आणि दुरुस्त करायला तिला कोड वाचता यायला हवं.

तरी गोड स्वप्नं दाखवत नाही. शिकलं आणि नोकरी लागली, असं याचं नाही. वेबसाइट, अॅनिमेशन, गेम, वर्तमानपत्रांचे आलेख-नकाशे, संग्रहालयांची दालनं अशा ठिकाणी कामं असतात, पण बहुतेक मोठ्या शहरांत, आणि सुरुवातीचा पैसा थोडा. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणून आधी भरमसाट फी मागणाऱ्या क्लासपासून चार हात लांब राहा. फीसाठी कर्ज तर लगेच काढूच नका.

त्याऐवजी असं करा. आधी काही महिने घरी शिकू द्या. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे कितीतरी धडे मराठीतून आहेत, तेही फुकट. मूल टिकलं, तर पुढच्या वाटा पाहा. सीड ही परीक्षा मुंबई आयआयटी घेते. बारावीनंतर तीन वर्षांची कुठल्याही शाखेची पदवी असली तरी देता येते, वयाची अट नाही, आणि तिच्यातून आयआयटींमध्ये डिझाइनच्या एमडेसला जाता येतं. मद्रास आयआयटीची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी आहे. तिला बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं, आणि आधी पात्रता फेरी पार करावी लागते. एमसीए करायचं असेल तर गणिताची अट त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका.

मुलींच्या आईवडिलांशी एक वेगळं बोलायचंय. ‘मुंबईला एकटी कशी राहील’ ही तुमची धास्ती कळते. पण पहिला टप्पा घरातच पार पडतो. तेवढे महिने तिला दुपारचे दोन तास मोकळे द्या, आणि घरात एकच लॅपटॉप असेल तर तो भावाइतकाच तिचाही असू द्या. शहराचा प्रश्न तिचं काम बघून सोडवता येईल.

आणि पोर शिकतंय की मोबाइलवर वेळ घालवतंय, हे कळायला तुम्हाला कोडिंग यायची गरज नाही. दर पंधरवड्याला एवढंच म्हणा: काय केलंस ते दाखव, कुणाच्या उपयोगाचं ते सांग, आणि कुठे अडलंय तेही सांग. चार-सहा महिने उत्तरं येत राहिली, तर पैशाचा विचार करा. उत्तरं थांबली, तर थांबायला हरकत नाही. फी गेलेली नसेल, आणि बीए तर हातात आहेच.