अर्धापूरहून आयटीकडे : एमसीएचा खर्च नेमका किती?

बी.एस्सी. झाली, बी.कॉम. झाले, मेकॅनिकलची पदवी हाती आहे. आता आयटीत जायचे आहे, तर एमसीए करावे का आणि पैसे किती लागतील? अर्धापूर, मुदखेड, भोकर भागातल्या घरांत हा प्रश्न जून-जुलैत निघतो, म्हणजे हातातला पैसा पेरणीत गेलेला असतो तेव्हा. चौकशी मात्र फक्त फीची होते. प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला आणि दोन वर्षे मुक्काम कुठे राहिला, यावर एकूण खर्च दुपटीने कमी-जास्त होतो.

आधी पात्रता

एमसीए २०२०-२१पासून दोन वर्षांचे झाले आहे. पदवीला ५० टक्के गुण लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५ टक्के. बारावीला किंवा पदवीला गणित होते का, हे गुणपत्रिका काढून पाहा. संगणकाखेरीज दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांना बहुधा ब्रिज कोर्स करावा लागतो. यात शेवटचा शब्द सीईटी कक्षाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेचा. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी प्रवेश मिळाला, हा पुरावा धरू नका.

राज्याची एमसीए सीईटी साधारण मार्चमध्ये होते आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच सुटतात. ९० मिनिटांत १०० प्रश्न, २०० गुण, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. विषय चार : गणित व संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी आणि संगणकाची मूलतत्त्वे. बारावीची गणिताची पुस्तके आणि सराव चाचण्या यांवर तयारी होते. त्यासाठी महागडा क्लास लावायची गरज नाही.

चार वाटा

*पहिली : नांदेडला, घरून ये-जा.* विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे संगणकशास्त्र संकुल आहे. नांदेड आणि लातुरात खासगी महाविद्यालयेही आहेत. अर्धापूर ते नांदेड जेमतेम वीस किलोमीटर. एसटीचा विद्यार्थी पास काढला की तिकिटाचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. नांदेडहून विष्णुपुरीचा दुसरा टप्पा धरूनही महिन्याला हजार-दीड हजारात भागते. वर्षाची फी ५० हजार धरली, तर दोन वर्षांचा हिशेब असा : फी १ लाख, प्रवास ३० हजार, लॅपटॉप ४५ हजार, परीक्षा व पुस्तके १५ हजार. एकूण १ लाख ९० हजार. शेवटच्या सत्रात अनेकांना इंटर्नशिपसाठी पुणे गाठावे लागते. त्या सहा महिन्यांचे ६० हजार आधीच बाजूला ठेवा, म्हणजे आकडा अडीच लाखांवर जातो.

*दुसरी : पुण्यातले खासगी महाविद्यालय.* फी वर्षाला १ लाख १० हजार धरू. कॉट बेसिसवर खोली आणि मेस मिळून महिना दहा हजार, असे बावीस महिने. म्हणजे फी २ लाख २० हजार, राहणे-जेवण २ लाख २० हजार, लॅपटॉप ४५ हजार, गावी ये-जा व किरकोळ ३५ हजार. एकूण ५ लाख २० हजार. खोलीची अनामत वेगळी.

*तिसरी : नोकरी किंवा शेती सांभाळून इग्नू.* इग्नूच्या एमसीएची फी सत्राला १२ हजार, चार सत्रांची ४८ हजार. नोंदणी आणि परीक्षा शुल्क वेगळे. प्रात्यक्षिकांना अभ्यासकेंद्रावर जावेच लागते. ही पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, पण इथे कंपन्या कॅम्पसवर येऊन मुले निवडत नाहीत. नोकरी स्वतःच शोधायची.

*चौथी : सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम.* पीजी-डॅक हा मुख्यतः अभियंत्यांसाठी, तसेच एमसीए किंवा संगणकातली एम.एस्सी. झालेल्यांसाठी आहे. नुसत्या बी.कॉम. किंवा बी.ए.वर प्रवेश मिळत नाही. अलीकडच्या तुकड्यांना फी ९० हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ६ हजार २०० रुपये. पुण्यात सहा महिने राहण्याचे ६० हजार आणि लॅपटॉप धरला तर दोन लाख दहा हजारांच्या आसपास जाते. मेकॅनिकल-सिव्हिलच्या पोरांनी एमसीएच्या आधी हा पर्याय तपासावा. दीड वर्ष वाचते.

या आकड्यांतली फी तुमच्या महाविद्यालयाची नाही. खासगी महाविद्यालयांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयवार असते. तो आकडा इथे बसवा आणि बेरीज नव्याने करा.

सवलत कुणाला, किती

बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवरून होतात, आणि मुख्य अट एकच : प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेवर सवलत मिळत नाही.

- मुली : ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. विकास शुल्क आणि इतर शुल्क भरावे लागते. खासगी व अभिमत विद्यापीठे यात नाहीत.
- खुला प्रवर्ग व एसईबीसी मुलगे : राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्न ८ लाखांपर्यंत, शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम.
- अनुसूचित जाती : उत्पन्न अडीच लाखांपर्यंत भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, त्यापुढे फ्रीशिप. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना स्वाधार योजनेतून पुण्यात वर्षाला ६० हजार.
- अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांची मुले : डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. बाहेरगावी राहणाऱ्यांनी हा अर्ज सोडू नये.

एक खाच लक्षात ठेवा. आधीच एम.ए. किंवा एम.एस्सी. झाली असेल, तर त्याच पातळीवरच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मिळत नाही. त्यांनी सवलत शून्य धरूनच हिशेब मांडावा.

उत्पन्न दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर हे कागद तहसीलमधून मेपर्यंतच काढून ठेवा. जात वैधतेला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. पदवीच्या शेवटच्या वर्षातच अर्ज टाका. कॅपच्या तोंडावर सेतू केंद्रावर रांग लागली की एका दाखल्यापायी निम्मी फी हातची जाते.

कर्ज काढायचे तर

साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज पत हमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकते. त्यामुळे सातबाऱ्यावर बोजा चढवण्याआधी शाखाधिकाऱ्याला या योजनेबद्दल विचारा.

समजा चार लाखांचे कर्ज दोन वर्षांत निम्मे-निम्मे उचलले, व्याज १० टक्के. शिक्षण आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहते. पहिल्या दोन लाखांवर तीन वर्षांचे ६० हजार, दुसऱ्या दोन लाखांवर दोन वर्षांचे ४० हजार. हप्ता सुरू होताना देणे पाच लाखांचे होते आणि सात वर्षांसाठी महिना साधारण ८,३०० रुपये बसतात. शिकत असतानाच व्याज भरत गेलात, तर तोच हप्ता ६,६५०च्या आसपास येतो. फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांचे पॅकेज मिळाले, तर हाती महिना २५-२७ हजार पडतात. त्यातून पुण्याचे भाडे, जेवण आणि हप्ता गेला की घरी पाठवायला पहिली दोन वर्षे फारसे उरत नाही. हे घरच्यांना आधीच सांगितलेले बरे.

इथे पैसे अडकतात

शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला एकरकमी पैसे देऊ नका. गेल्या तुकडीतल्या चार मुलांशी स्वतः बोला, पैसे परतीची अट लेखी घ्या, जीएसटीची पावती मागा. नोकरीसाठी अनामत मागणारी कन्सल्टन्सी आणि खोटा अनुभव दाखवून देणारा एजंट, दोघांनाही दारातूनच परत पाठवा. कंपनीच्या पार्श्वभूमी तपासणीत खोटा अनुभव उघडा पडला की नोकरी जाते. महाविद्यालयाला मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. ठरलेल्या मुदतीत कॅपचा प्रवेश रद्द केला, तर कमाल एक हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते.

मग काय करावे?

पैसे भरण्याआधी एक महिना पायथन किंवा जावा फुकटात शिकून पाहा. स्वयम पोर्टलवर अभ्यासक्रम आहेत. रोज दोन तास बसवत नसेल तर दोन वर्षे आणि अडीच लाख घालू नका. बसवत असेल तर सीईटी द्या, कॅपमधूनच जागा घ्या, आणि नांदेडला बरे महाविद्यालय मिळत असेल तर घरूनच शिका. पुण्यातल्या सुमार महाविद्यालयाला जादा अडीच लाख देण्यापेक्षा, शेवटचे सत्र पुण्यात काढायला आणि नंतर नोकरी शोधायला तेच पैसे जास्त उपयोगी पडतात.